पाणी हलायलंय

महामाया अहमदपूर आगारात कंडक्टर होती. एसटीच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहून तिची कंबर कुरकुरत होतीच. पण त्या उन्हाळ्यात लोह्याच्या अलीकडं एक म्हैस रस्त्यावर आली, ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि तिकिटं फाडत उभी असलेली महामाया पाठीनं दांडीवर आदळली. तेव्हापासून पाठ जी धरली ती सुटेना. चप्पल घालायची तरी तिच्या नवऱ्याला, निवृत्तीला, तिच्या पायाशी बसावं लागायचं. फोटो काढले, हाड शाबूत निघालं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी भागायचं नाही. नांदेडला एक फिजिओथेरपीचं केंद्र आहे, तिथं गरम पाण्याची टाकी आहे. आधी पाणी, मग मालिश. जाऊन तर बघा."

केंद्र विष्णुपुरीच्या रस्त्याला, एका जुन्या दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर होतं. बायकांकडं बघायला जेबा होती. जेबा पंचविशीतली, शहरातल्या इतवारा भागातल्या अत्तरवाल्यांच्या घरातली, आणि घराण्यातली पहिली फिजिओथेरपिस्ट. तिनं महामायाला टेबलावर पालथं झोपायला सांगितलं आणि दोन्ही तळवे पाठीवर ठेवून हलकासा भार दिला.

महामाया ओरडली. हातपाय झाडत ती टेबलावरून खाली आली आणि भिंतीला टेकून धापा टाकायला लागली. कपाळावर घामाचे थेंब आले होते.

"ताई, एवढं दुखायलंय का?" जेबा घाबरून गेली होती.

"न्हाई."

खरंच दुखलं नव्हतं. पाठीवर ओझं आलं होतं, एवढंच.

महामाया मूळची औसा तालुक्यातली. वडील गवंडी होते. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली, आता आपलंही दगडी घर पाहिजे म्हणून त्यांनी पै पै जोडून ते उभं केलं. वस्तीतलं ते एकच दगडी घर. ती तिसरीत असताना भूकंप झाला. आजूबाजूच्या कुडाच्या आणि पत्र्याच्या घरांतली माणसं खरचटून का होईना बाहेर आली. यांचं घर मात्र जागेवर बसलं. महामाया पालथी होती. पाठीवर दगड, तोंडात माती आणि हातात धाकट्या भावाचा, आनंदराजचा, हात. आधी तो रडत होता. मग पाणी मागत होता. मग तेही थांबलं. दुपारी लोकांनी दगड बाजूला करून तिला ओढून काढलं तेव्हा तिच्या मुठीत तो हात होताच. तिची बोटं एकेक करून उलगडावी लागली.

हे ती कुणाला सांगत नसे. निवृत्तीलाही लग्नानंतर सासऱ्याकडून कळलं होतं. जेबालाही तिनं त्या दिवशी काही सांगितलं नाही. बीपी वाढल्यासारखं वाटतंय, असं म्हणून ती परतीच्या बसला बसली.

निवृत्तीनं तिला पुन्हा पाठवलं. या वेळी जेबा टेबलाकडं गेलीच नाही. "पाठ लाकडासारखी झालीय तुमची," ती म्हणाली. "अशा पाठीवर मी कितीही जोर लावला तरी हात आत जाणार नाही. कोरडं पीठ मळता येतं का? पाणी घालावंच लागतं ना? तसंच आहे हे. आधी ऊब द्यायची. उबेनं रक्त वाहायला लागतं, स्नायू सैल पडतात, मग मालिशला अर्थ. चला, तुम्हाला वाफेची पेटी दाखवते."

आतल्या खोलीत माणूस बसेल एवढी पांढरी फायबरची पेटी होती. तिच्यावरच्या भोकातून एका म्हातारीचं डोकं बाहेर आलं होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्यावर ओला पंचा. त्या देगलूरकडच्या नागम्मा. गुडघे धरले म्हणून त्यांची सून त्यांना इथं सोडून बाजारात जायची. मदतनीस बाईनं पेटीचं दार लावलं आणि बाहेरून कडी घातली. कडी खट्‌दिशी वाजली.

तो आवाज ऐकला आणि महामाया दोन पावलं मागं सरकली. पेटीत ती नव्हतीच, तरी छातीवर काहीतरी दाबून ठेवल्यासारखं झालं. श्वास अर्ध्यावर अडायला लागला. ती कशीबशी बाहेरच्या व्हरांड्यात आली आणि पायरीवर बसली. जेबा तिच्या शेजारी येऊन बसली.

"भीती कशाची वाटते, ताई?"

"बंद जागेची. आन पाठीवर कुनी भार दिला की." महामाया रस्त्याकडं बघत म्हणाली. "किल्लारीच्या भूकंपात दबले होते मी. भाऊ गेला."

जेबाच्या जन्माच्या आधीची ती गोष्ट. शाळेत तिनं ती धड्यासारखी वाचली होती. "या अल्ला," एवढंच ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "पेटी नको. पालथंही नको. पाण्यात उतरून बघता का? पाणी दाबत नाही. उलट उचलून धरतं."

टाकी मागच्या बाजूला होती. निळ्या फरशीची, छातीइतकी खोल, कडेनं धरायला स्टीलचा दांडा. मागचं दार परसात उघडायचं. महामायानं आधी तेच विचारलं, "हे दार उघडं ऱ्हाईल का?" जेबानं दाराला वीट लावून दिली.

महामाया सलवार-कुर्त्यावरच एकेक पायरी उतरली. पाणी कोमट होतं, बाळाला आंघोळ घालतात तसं. गुडघे बुडाले, कंबर बुडाली. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा ती घाबरून दांड्याला चिकटली, कारण पाणीही चहूबाजूंनी वेढतं. पण मग एक वेगळीच गोष्ट झाली. तिचं तिलाच वजन लागेना. रोज सकाळी अंथरुणातून उठताना जी कंबर दगडासारखी लागायची, ती जणू तिथं नव्हतीच.

"छातीपर्यंत पाणी असलं की अंगाचं निम्म्याहून जास्त वजन पाणी घेतं," जेबा म्हणाली. "मणक्यावरचा भार उतरतो. आता नुसतं चाला. दांडा सोडायची घाई नाही."

त्या दिवशी महामाया टाकीत नुसती इकडून तिकडं चालली. जेबानं मग तिला बाहेर काढून कोरडं केलं, खुर्चीवर उलटं बसवलं, पाठीशी मोकळी हवा आणि समोर उघडं दार, आणि बोटांच्या टोकांनी मानेपासून सुरुवात केली. ओझं येऊ दिलं नाही. पाठीत कुठंतरी खोल एक गाठ होती. ती विरघळल्यासारखी झाली आणि महामायाला अचानक रडू आलं. का आलं ते तिलाही सांगता आलं नसतं. जेबानं हात थांबवला नाही.

महिना-दीड महिना असं चाललं. महामाया सकाळच्या गाडीनं यायची, तिचेच सहकारी तिला पुढची सीट द्यायचे. ती आता दांडा सोडून चालायला लागली होती. जेबा पाण्यात तिच्या डोक्याखाली आणि कमरेखाली हात धरायची आणि महामाया पाठीवर तरंगायची. डोळे मात्र सताड उघडे ठेवायची, छताकडं. छताला एक बारीक भेग होती. ती वाढली का, ते ती दर वेळी बघायची.

जुलैतल्या एका सकाळी ती अशीच तरंगत होती. बाहेर नुकताच पाऊस येऊन गेला होता. आतल्या खोलीत नागम्मा पेटीत बसल्या होत्या. त्या सारखं काहीतरी बोलत बसायच्या, त्यांचा आवाज इथपर्यंत यायचा.

आधी कानांना कळलं. कान पाण्याखाली होते, आणि पाण्यातून एक आवाज आला. लांबून मोठा ट्रक यावा तसा, पण खालून. महामायाचं सगळं अंग ताठ झालं. तिनं पाय खाली टेकले. पाण्याच्या मधोमध बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. त्या कडेला जात नव्हत्या, जागच्या जागी थरथरत होत्या. मग स्टीलचा दांडा गुणगुणायला लागला.

"जेबा," ती पुटपुटली. "पाणी हलायलंय."

"काय?"

"पाणी हलायलंय! भाईर! भाईर पळ!"

खिडकीच्या काचा तडतडल्या. वरच्या मजल्यावर कुणीतरी किंचाळलं. टाकीतलं पाणी एका बाजूला कलंडून पायऱ्यांवर सांडलं. जेबा जागच्या जागी उभी होती, हात पसरून, जणू पाणी धरून ठेवायला बघत होती. तिला काय होतंय ते समजतच नव्हतं. महामायानं तिचं मनगट पकडलं आणि ओढलं. पायऱ्या, वीट, दार, परस. दोघी चिखलात अनवाणी, ओल्याचिंब, परसातून वळसा घालून रस्त्याकडं आल्या आणि इमारतीपासून लांब थांबल्या. रस्त्यावर माणसं गोळा झाली होती. कुणाच्या अंगावर टॉवेल, कुणाच्या हातात चहाचा कप तसाच. समोरच्या मेडिकलमधला माणूस मोठमोठ्यानं "हालू नका, हालू नका" म्हणत होता, ते कुणाला उद्देशून होतं देव जाणे.

जमीन थांबली होती. महामायाच्या पायाखाली ती अजून हलतच होती. तोंडात मातीची चव आली होती. ती चव कुठून आली ते तिला कळेना, तोंडात तर काहीच नव्हतं.

मदतनीस बाई रडत गर्दीत उभी होती. जेबानं तिला बघितलं आणि तिचा चेहराच बदलला.

"नागम्मा कुठं आहेत?"

बाईनं तोंडावर हात ठेवला.

पेटीची कडी बाहेरून होती. वाफेचं यंत्र सुरू होतं. जेबा एका दमात म्हणाली, "त्यांना बाहेर काढायला पाहिजे. वाफ चालूच आहे, त्यांच्या वयाला सोसणार नाही," आणि वळली. पण तिला जाता आलं नाही. महामायानं तिचं मनगट अजून धरलेलं होतं.

"ताई, सोडा."

महामायाला सोडायचं होतं. ते तिच्या हातातच नव्हतं. बोटं आवळलेली होती, नखं जेबाच्या कातडीत रुतली होती, आणि ती बोटं उघडावीत कशी हे तिला आठवतच नव्हतं.

"ताई, सोडा ना! त्या मरतील आत!"

"सुटना गं," महामाया म्हणाली. तिला हुंदका आला. "माझं मलाच सुटना."

जेबानं एकदा तिच्याकडं बघितलं, आणि मग ती तशीच चालायला लागली. महामाया तिच्यामागं ओढली गेली. शौर्य वगैरे काही नव्हतं. हात सुटला नाही म्हणून ती आत गेली. दारात तिनं डोळे घट्ट मिटले. प्लास्टरची धूळ नाकात गेली आणि तिला वाटलं, आता हे वरून येणार, आता येणार. ती हळू आवाजात कण्हत होती. ते कण्हणं आपलंच आहे हे तिला नंतर जेबानं सांगितलं.

"बागला तेगी, यव्वा! बागला तेगी!" दार उघडा म्हणून नागम्मा कन्नडमधून ओरडत होत्या. आवाज बसला होता. महामायानं डोळे उघडले. खोलीभर वाफ होती. पेटीवर लालबुंद झालेलं डोकं डावीकडं-उजवीकडं हलत होतं, पंचा गळून पडला होता. आतून म्हातारी पायांनी दार ठोकत होती.

जेबा एका हातानं यंत्राचं बटण शोधत होती. तिचा दुसरा हात महामायाच्या मुठीत अडकला होता. कडी महामायाच्या बाजूला होती. तिनं ती मोकळ्या हातानं ओढली. कडी अडली. तिनं पुन्हा ओढली, खांद्यानं दार दाबून ओढली, आणि दार उघडून गरम वाफेचा लोट तिच्या अंगावर आला. नागम्मा पुढं कोसळल्या. त्यांना धरायला दोन्ही हात लागले, आणि तेव्हा कुठं महामायाची मूठ सुटली. कधी सुटली ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

दोघींनी म्हातारीला काखेत धरून उचललं. व्हरांड्यात पोचतायत तोवर दुसरा धक्का आला. पहिल्याहून लहान होता. नागम्मांनी तिच्या गळ्याला मिठी मारली. तिघी पायरीवरून जवळजवळ पडतच रस्त्यावर आल्या.

जेबानं मग तिचं काम केलं. नागम्मांना दुकानाच्या ओट्यावर आडवं केलं, पाय उंच ठेवले, थंड पाण्यानं तोंड-मान पुसली, घोटघोट पाणी पाजलं. नाडी धरून बसली. ठोके मोजताना तिचा आकडा पुन्हापुन्हा चुकत होता. तिच्या स्वतःच्या मनगटावर अर्धचंद्रासारखे चार लाल व्रण उठले होते. रिक्षा आली, दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत नागम्मा बोलायला लागल्या आणि सगळ्यात आधी त्यांनी सुनेला शिव्या दिल्या.

नांदेडात त्या दिवशी कुणी दगावलं नाही. काही भिंतींना तडे गेले, एवढंच. लोक दुपारपर्यंत हसून एकमेकांना मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवायला लागले.

महामाया अहमदपूरला पोचली ती बसमध्ये उभ्यानंच. सीटवर बसली तर पाठ टेकावी लागली असती. घरात पाऊल टाकेना. निवृत्तीनं अंगणात खाट टाकली, पत्र्याचा आडोसा केला, आणि काही न विचारता तिच्या शेजारी दुसरी खाट टाकून तोही बाहेर झोपायला लागला. शेजारच्या बाया विचारायच्या, तो सांगायचा, "आत लई उकडतंय." पाठ पुन्हा लाकडासारखी झाली होती. म्हातारीला उचलताना कमरेतही काहीतरी लचकलं होतं. कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकून उठायची.

आठवडाभरानं जेबाचा फोन आला. महामायाला वाटलं, पुढची वेळ ठरवायला केला असेल.

"ताई, मला टाकीत उतरवत नाही," जेबा म्हणाली. "रोज पेशंट येतात. मी कडेला उभी राहून सांगते. पायरीवर पाय ठेवला की मागं फिरते. तुम्हाला कसं काय जमलं इतकी वर्षं?"

"मला कुठं जमलंय?" महामाया म्हणाली.

ती खाटेवर उठून बसली. मग महामायानं विचारलं, "मी येऊ का? पर आत न्हाई येणार."

जेबानं व्हरांड्यातच सोय केली. बादलीभर कढत पाणी, त्यात पिळलेले पंचे. ते महामायाच्या पाठीवर एकावर एक ठेवायचे, गार झाले की बदलायचे. बादलीतल्या पाण्यात पाय सोडून महामाया खुर्चीवर बसायची. कातडी गुलाबी झाली की जेबा हात चालवायची. शेजारच्या खुर्चीत कधीकधी नागम्माही असायच्या. त्या आता पेटीचं नाव काढू देत नसत. जेबानं ती कडी कापून काढली होती आणि आतून ढकलून उघडेल अशी पट्टी बसवली होती. तरी नागम्मा म्हणायच्या, "तूच बस तिच्यात."

टाकीकडं महामाया आणि जेबा गेल्या त्या पोळ्याच्या सुमाराला. आधी नुसतं दारात उभं राहून बघितलं. दुसऱ्या खेपेला पायऱ्यांवर बसून पोटऱ्या भिजवल्या. तिसऱ्या खेपेला जेबा आधी उतरली. तिचे ओठ पांढरे पडले होते. महामाया तिच्यामागून उतरली, आणि दोघी पाण्यात समोरासमोर उभ्या राहिल्या, एकमेकींचे कोपर धरून. नागम्मा उघड्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. जमीन हलली तर ओरडायचं, एवढं काम त्यांच्याकडं दिलं होतं.

जमीन हलली नाही. रस्त्यावरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर गेला. पाण्यावर बारीक शिरशिरी उठली आणि दोघींचे श्वास थांबले. नागम्मा म्हणाल्या, "ट्रॅक्टर हाय. भिऊ नका." पाणी निवळेपर्यंत कुणी हललं नाही. मग जेबा म्हणाली, "चला ताई. उजवा पाय पुढं."

दिवाळीनंतर महामाया कामावर रुजू झाली. आगारानं तिला आधी लातूरची सरळ रस्त्याची फेरी दिली. पाठ साथ द्यायला लागली होती. थंडीत आखडायची, तेव्हा ती रविवारी नांदेड गाठायची. घरात ती आता झोपते, दाराची कडी मात्र लावत नाही. कडीऐवजी निवृत्तीनं दाराला आतून एक दोरी बांधून दिली आहे, एका ओढीत सुटेल अशी.

नांदेड-हिंगोलीकडं अजूनही मधूनच जमीन गुरगुरते. बातमी आली की महामाया तिकिटाचं मशीन बाजूला ठेवून आधी फोन लावते. पलीकडं एकच रिंग वाजते.

"जेबा, भाईर हाय का?"

"हाव ताई, बाहेरच हाय. तुम्ही?"

"गाडीत हाय. गाडी चालू हाय."

आणि बस पुढच्या थांब्यावर पोचेपर्यंत दोघी फोन ठेवत नाहीत.